मोठे टायर, तीन आत्या आणि मिरचीची गोणी

मंडळी, आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या गाडीला काल मोठी चाकं बसवली. आप्पांची अट एकच होती: कुठे घासलं, तर जुनीच परत.

गॅरेजवाल्या भाऊने रिकामी गाडी दोन्हीकडे फुल वळवून दाखवली. टायर कुठेच घासला नाही. मी खुश!

आज तिन्ही आत्यांना प्रकाशा गावाला सोडायला निघालो. शेजारी आप्पा, डिकीत आत्यांच्या वर्षभराच्या मिरचीची गोणी. वजनाने गाडी खाली दबलेली, पहिल्याच वळणावर टायर घासला, घर्रर्र!

मोठी आत्या म्हणाली, “काय रे, गाडी रडी ऱ्हायनी का?”

“रस्ता खराब शे,” मी म्हणालो.

आप्पांनी शांतपणे विचारलं, “फक्त वळणवरच खराब शे का?”

संध्याकाळी जुनी चाकं परत बसली.

खरं सांगा, आपल्याकडे गाडी रिकामी फिरते तरी कधी? मग टेस्टिंगला मी आत्यांना का नाही नेलं?