देवी डॉक्टर आणि म्हशीची देवी

आमच्या अण्णांना होटगीत नारायण म्हणून कुणी हाक मारत नाही, देवी डॉक्टर म्हणतात. डॉक्टर ते कधीच नव्हते. तरुणपणी सायकलवरून गावोगाव हिंडून देवीची लस टोचायची सरकारी नोकरी होती. लोक ज्वारीत लपायचे, हे सुई घेऊन मागे. देवी जगातून गेली ती यांनी एकट्यानंच हाकलली, असा त्यांचा तोरा. जेवताना त्याच त्या कथा ऐकून मला वीट आला होता.

यंदा थंडीत आमच्या म्हशींच्या सडांना फोड आले. धारा काढते माझी वहिनी, राजनंदिनी. तिनं लोण्यात हळद कालवली आणि त्याच बोटांनी एका म्हशीचं झालं की दुसरीच्या सडांना लावत गेली. थोड्याच दिवसांत तिच्या बोटांवर टपोरे फोड उठले, मधोमध खळगा पडलेले. अंगात तापही भरला. मी सोलापुरात शाळेत शिकवते. सुट्टीला घरी आले तर अंगणात अण्णा तिचा हात उन्हात धरून बघत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"राजसला हिच्यापासून उचल," ते मला म्हणाले. "देवी हाय ही."

राजस म्हणजे वहिनीचा चार महिन्यांचा मुलगा. अजून नुसता अंगावर पिणारा.

"अण्णा, देवी कधीच संपली. तुम्हीच सांगता की!"

"मी बघितलीया तिला. तू न्हाय."

वहिनीला मागच्या खोलीत ठेवलं आणि अण्णा दारात खुर्ची टाकून बसले. दादा त्यांच्यापुढं तोंड उघडत नाही, तो गुमान रेल्वेच्या ड्युटीवर गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. "देवी नसणार," त्या म्हणाल्या, "पण मंकीपॉक्स असू शकतो. पुण्याहून रिपोर्ट येईपर्यंत बाळ लांबच ठेवा." फोडांच्या खपल्या घेऊन त्या गेल्या. अण्णांना आता कोण हलवणार?

राजस बाटली तोंडात धरेना. वाटी-चमच्यानं पाजलं तर एखादा घोट पोटात, बाकी गळ्यावर. रडून रडून त्याचा आवाज बसला. आत वहिनीचं दूध दाटून पदर भिजत होता. "अण्णा, एकदा द्या की हो त्याला. हात न्हाय लावत मी," ती दाराआडून विनवत होती. अण्णा ढिम्म.

मग राजस रडायचाच थांबला. ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली. माझा तोल सुटला.

"उठा तिथनं! पोर मरेल अशानं!"

"मरू नये म्हणूनच बसलोय," अण्णा ओरडले. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "माझ्या आईला देवी आली तवा धाकटी बहीण अंगावर पीत हुती. कुणी उचललीच न्हाय तिला. दोगी एकाच खड्ड्यात गेल्या."

इतक्या वर्षांच्या कथांत ही कथा कधीच नव्हती. मी राजसला घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसले. मला भीती वाटत होती आणि रागवायला आता कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची गाडी आली. त्या दारातूनच बोलल्या, "देवी नाही, मंकीपॉक्सही नाही. म्हशीची देवी आहे, बरी होते. हात नीट झाकायचे, बाळाला लागू द्यायचे नाहीत. छातीवर फोड नसले तर पाजा."

छातीवर एकही नव्हता. वहिनीचे हात फडक्यात गुंडाळले आणि राजसला मी तिच्या छातीशी धरलं. तो तोंड लावेना. वहिनी रडत त्याचं नाव घेत राहिली. शेवटी त्यानं जोर करून ओढलं, आणि मग सोडेना.

बाहेर अण्णा विचारत होते, "ही आली कुठनं पण?"

"तुमच्या लसीत जो जिवंत विषाणू असायचा ना, त्याच्याच गोतातला हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लसीचं वाणही एकच नव्हतं, अण्णा. ठिकठिकाणी वासरांच्या, रेडकांच्या कातडीवर वाढवायचे. वाढवता वाढवता जिथला तिथला थोडा वेगळा होत गेला. त्यांचाच हा भाऊबंद. टोचलेल्या माणसांकडून कधीतरी म्हशींत शिरला असावा, असं काहींचं म्हणणं आहे. खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही."

मी बाहेर आले तेव्हा बाई गेल्या होत्या आणि अण्णा आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले होते.

"उत्कर्षा, माझ्या सुईतला असंल का गं त्यो?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्यांना खोटं कळलं असतं.

"असेल, अण्णा," मी म्हणाले. "पण त्यानं नुसते हात फोडले. आई न्हाय नेली."

अण्णा उठले. खुर्ची दारातून बाजूला ओढली आणि भिंतीकडे तोंड करून, आत राजस पीत होता तो आवाज ऐकत उभे राहिले.