दुसरी फेरी

आमच्या आकडेवारीच्या कार्यालयात ताईंना थकलेलं पाहायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी त्या ताज्यातवान्या दिसल्या असत्या तर लोकांनी तब्येतीची चौकशी केली असती. प्रशिक्षण विभाग म्हणजे ताई, एक डुगडुगणारा फळा आणि तक्ते रंगवणारी मी. शेजारच्या विभागातले आम्हाला 'दीड माणसांचं खातं' म्हणायचे. त्यातली अर्धी कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी घरोघरची मोठी पाहणी निघायची होती. अशी पाहणी काही दरवर्षी होत नाही. ताईंची निवृत्ती तोंडावर आली होती; "पुढची निघेल तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसलेली असेन," असं त्याच म्हणायच्या. या पाहणीत त्यांना एकच गोष्ट हवी होती. बाईच्या कामाबद्दल बाईलाच विचारायचं, आणि ती घरी नसेल तर पुन्हा जायचं. आजवर काय व्हायचं? दारात जो पुरुष भेटेल तो म्हणायचा, "आमची मंडळी काही करत नाही," आणि आमचे लोक ते निमूट लिहून घ्यायचे. घराघरांतून हे 'काही करत नाही' गोळा होऊन यायचं आणि त्याचे तक्ते मी रंगवायचे. माझ्या हातून इतकं खोटं रंगवून झालंय, की चित्रकाराच्या हातूनही झालं नसेल.

साहेबांना ती दुसरी फेरी नको होती. वेळ फार जातो म्हणे. साहेब माणूस वाईट नव्हे, पण घोंगडं भिजत ठेवण्यात पटाईत. शेवटी एकदाचे म्हणाले, "ताई, कार्यशाळा घ्या. शेवटच्या दिवशी पर्यवेक्षकांनीच हात वर करून 'जमेल' म्हटलं, तर नियम ठेवू. नाहीतर विषय संपला."

झालं. कार्यशाळेची तयारी आमच्या गळ्यात पडली. निमंत्रणावर 'लिंगभाव सांख्यिकी: सहभागी प्रशिक्षण' असं लिहिलं होतं, पण इमारतभर सगळे 'बायकांचं शिबिर' म्हणत. या बायकांच्या शिबिराला दोघी सोडल्या तर झाडून सगळे पुरुष येणार होते. हॉल मिळाला तो मधोमध खांब असलेला. "एक व्याख्यान द्या, चहा पाजा, सोडून द्या," असा सल्ला आम्हाला जो तो देत होता. ताई म्हणायच्या, "व्याख्यान ऐकून माणूस मान डोलावतो गं. घरी जाऊन तेच करतो. त्यांच्याकडूनच सगळं करवून घ्यायला हवं." जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्या एकेक सत्र आखत, आणि मधेच घरून फोन येई. "अहो, निळ्या डबीत. वरच्या फळीवर. नाही, तिच्या शेजारची." मग पेन शोधत, आपण कुठे होतो ते आठवत बसत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि भावोजी, म्हणजे ताईंचे यजमान, निवृत्त होऊन घरीच असत. सासूबाईंच्या औषधाची ती निळी डबी त्यांना कधीच सापडली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही खुर्च्या गोलात मांडल्या. चहाची सुट्टी झाली आणि पाहतो तर कुणीतरी त्या पुन्हा ओळीत लावलेल्या. पुन्हा ओढल्या. ताईंनी सगळ्यांना आपापल्या आईचा दिवस कागदावर काढायला सांगितला. त्यात सगळ्यात आधी 'झालं' म्हणाले ते झटपटराव. पर्यवेक्षकांतले सर्वांत जुने. दुसरा माणूस घंटी वाजवेपर्यंत यांची गल्ली उरकलेली असायची, म्हणून हे नाव. त्यांच्या कागदावर शेगडीपाशी उभी असलेली एक बाई होती. सकाळीही तीच, संध्याकाळीही तीच. सगळ्यांच्या वतीने बोलायचेही तेच. "ताई, आधीच आमचं एक ना धड भाराभर चिंध्या. त्यात एकाच घरात दोनदा कुठे जायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताईंनी फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली: पहिलं उत्तर सवयीचं असतं, थांबा आणि पुन्हा विचारा.

दुसऱ्या दिवशी जोड्या करून सगळ्यांना आसपासच्या गल्ल्यांत सरावाला पाठवलं. सराव असल्यामुळे कुणाचं नाव विचारायचं नव्हतं. कार्यालयाची वसाहत हॉलच्या मागेच आहे, पण तिथे जायचं नाही असं मी बजावून सांगितलं होतं. परत आल्यावर कागद वाचून दाखवायचा नाही, घरात जे घडलं ते करून दाखवायचं, ही ताईंची पद्धत. झटपटरावांची पाळी आली. जोडीदार प्रश्न विचारणार आणि ते स्वतः घरमालक होणार. पायावर पाय टाकून ते खुर्चीत बसले, हातातलं नसलेलं वर्तमानपत्र जरा खाली केलं आणि चष्म्यावरून पाहिलं. हॉल हसायला लागला.

"मंडळी नोकरी करते. कारकुनी. तेवढाच वेळ जातो तिचा."

"घरचं काम?"

"तीन माणसांच्या घरात काम ते कसलं?"

"घरात कुणी आजारी?"

"आई आहे. अंथरुणालाच आहे."

"त्यांचं कोण करतं?"

झटपटरावांनी ते नसलेलं वर्तमानपत्र चार घड्या घालून गुडघ्यावर थोपटलं. "होतं हो आपोआप!"

हशा पिकला. मीही हसत होते, ती थांबले. घड्या घालून गुडघ्यावर थोपटायची ती लकब मी वर्षानुवर्षं एकाच घरी पाहत आले होते. ताईंकडे पाहिलं. त्या हातात मार्कर घेऊन होत्या तशाच उभ्या होत्या.

"कुठलं घर हे?" त्यांनी विचारलं.

"ठरलेल्या गल्लीत सगळी दारं बंद होती ताई. मागच्या वसाहतीत एका व्हरांड्यात हे गृहस्थ दिसले. दार उघडं होतं, म्हटलं इथेच उरकू." उघडं दार आणि मोकळा पुरुष दिसला की आमचे लोक गुळाच्या ढेपेवर माशा बसाव्यात तसे तिथेच बसतात.

"आणि बाई?"

"ती नव्हती घरी. कुठे गेली होती कोण जाणे. आता तिच्यासाठी परत खेटे घालायचे का? साहेब, तुम्हीच सांगा."

मागे चहा पीत बसलेले साहेब हसले. गोलभर माना हलल्या. संपलं, असं मला वाटलं. इतक्या दिवसांची उस्तवार पाण्यात गेली.

ताईंनी एक खुर्ची ओढत खांबापुढे आणली आणि त्या तिच्यावर बसल्या. "परत जायला नको. ती इथेच होती. विचारा."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग झटपटरावांनी जीभ चावली. "ताई, मला ठाऊक असतं तर..."

"ठाऊक नसतं म्हणूनच विचारायचं असतं. बसा समोर."

ते बसले. शिकवलं होतं तसं विचारलं, काल उठल्यापासून काय काय केलंत? ताई सांगायला लागल्या, आवाज न चढवता. "उठले. आईंची चादर ओली झाली होती, ती बदलली. त्यांना पुसून काढलं, कूस बदलून दिली, पाठीला पावडर लावली. नाहीतर जखमा होतात. भरवलं. त्याला वेळ लागतो, त्या घास गालात धरून ठेवतात. स्वयंपाक केला, ह्यांचं झाकून ठेवलं. चादर धुतली. इथे आले, तुम्हाला शिकवलं. मधे फोनवर औषधाची डबी सांगितली. घरी गेले. पुन्हा चादर."

"विश्रांती?"

ताईंनी विचार केला. "काल नाही झाली. आज झाली, तुम्ही गल्ल्यांत गेलात तेव्हा. त्या खांबाला डोकं टेकलं होतं."

झटपटरावांनी खाली बघतच पुढचा प्रश्न विचारला, "कुटुंबप्रमुख कोण?"

"ते," ताई म्हणाल्या. शिंक यावी तसा शब्द बाहेर पडला.

मला किंचाळावंसं वाटलं. घराची जबाबदारी कुणावर आहे ते विचारा, गृहीत धरू नका, हे आदल्या दिवशी याच बाईने घसा कोरडा करून सांगितलं होतं. झटपटरावांनी लिहिलं नाही. त्यांनी पेन मांडीवर ठेवलं. आयुष्यात कधी कुठल्या दारात थांबले नसतील ते, पण थांबले.

"ताई, घाई नाही," ते हळूच म्हणाले. "सावकाश सांगा. घरातलं सगळं कुणावर आहे?"

ताईंचे डोळे भरून आले. त्यांना दमलेलं मी रोज पाहत होते; हे कधीच पाहिलं नव्हतं.

"आज नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पुन्हा या."

"येतो, ताई."

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर घरी गेले. भावोजींना चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून. ते व्हरांड्यातच होते आणि भलतेच खूश होते. "अगं, तुमच्या ऑफिसातले दोघं आले होते! तू तिथेच आहेस हे मी सांगितलंच नाही, उगाच वशिला नको. सगळी माहिती देऊन टाकली. म्हटलं, दमून येशील, तुला परत त्रास नको." माणूस मनापासून बोलत होता, हीच तर पंचाईत. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी माझा हात दाबला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आईंना औषध दिलंत?"

"डबी सापडली नाही गं."

ताई चप्पल काढून आत गेल्या. माझे चार शब्द माझ्याच घशात राहिले, आणि मी ते घेऊन घरी आले.

शेवटच्या दिवशी हात वर करायची वेळ आली. साहेब घड्याळाकडे बघत उभे राहिले, तेवढ्यात झटपटराव म्हणाले, "साहेब, माझं एक घर राहिलंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि ते ताईंसमोर बसले. "ताई, काल भेट अर्धी राहिली, म्हणून परत आलो. कुटुंबप्रमुख कोण?"

ताईंना वेळ लागला. रात्रीही झोप झाली नसावी, चेहरा ओढलेला होता.

"मी," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "मी आहे. लिहा."

झटपटरावांनी लिहिलं. मग बसल्या जागेवरूनच, पेनासकट, हात वर केला. त्यांच्यामागून दाराजवळच्या त्या दोघींनी, मग इकडून, मग तिकडून. साहेब म्हणाले, "बरं बुवा, राहू द्या तुमची दुसरी फेरी." मला रडू आलं, आणि ते लपवायला मी खांबामागे गेले.

ताईंचं हातांकडे लक्षच नव्हतं. त्यांचा फोन वाजत होता.

"हो, निळी," त्या म्हणाल्या. थोडं ऐकून घेतलं. "आहे तिथेच आहे. आज सापडेपर्यंत शोधा."