लिंबाखाली अडकलेली होडी

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. निवृत्तीनंतर मी बारामतीत राहतो. कोणी नोकरीतले किस्से विचारले, की मला आधी पोलीस ठाण्याच्या आवारात लिंबाखाली पडलेली एक लाकडी होडी आठवते.

तेव्हा मी इंदापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीची एक बाजू उजनी धरणाच्या पाण्याला लागलेली. तिथले बागायतदार ड्रमांच्या तराफ्यावर पाणी उपसायची मोटार ठेवतात आणि पाणी आटत जाईल तसा तराफा आत सरकवत नेतात. त्या उन्हाळ्यात एका पेरूच्या बागायतदाराचा तराफा उलटला, मोटार बुडाली. नवी बसवली, तीही बुडाली. दोन्ही वेळा तराफ्याचा दोर तुटलेला. गाव त्यांना तात्या म्हणत असे. ते तक्रार घेऊन आले तेव्हा रागापेक्षा थकलेले जास्त दिसत होते.

"आपसूक उलटतंय व्हय साहेब? वारं न्हाय, वावटळ न्हाय. पाणी परातीतल्यावानी निवांत. कुणीतरी हाय ह्याच्यामागं."

खबऱ्याने माहिती आणली, की दोन्ही वेळा तराफ्याजवळ एकच होडी होती. ती गावातल्याच एका मच्छीमाराची. जाळे तराफ्याला खेटून लावतो म्हणून तात्यांचे त्याच्याशी भांडण झालेले. कारण मिळाले, संधी मिळाली. नुकसानीचा गुन्हा दाखल झाला आणि होडी मुद्देमाल म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ठाण्यात आली.

चौकशीला तो समोर बसला.

"तराफ्याजवळ काय करत होतास?"

"जाळं लावत हुतो. तराफ्याच्या सावलीला मासा येतो."

"दोर कोणी तोडला?"

"पाण्यानं."

"पाणी दोर तोडतं?"

"तुमी इचारलं म्हनून सांगितलं. पटत नसंल तर ऱ्हावू द्या."

खोटे बोलणारा माणूस प्रत्येक चौकशीत काहीतरी भर घालतो. याचे बोलणे दर खेपेला आखूड होत गेले. तेवढ्यावरच, हा खरे बोलत असावा, अशी माझ्या मनात शंका आली. पण शंकेवर होडी सोडता येत नाही. नोटीस देऊन त्याला घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कळशी घेऊन दारात उभा. "साहेब, होडीवर पाणी मारू द्या. लाकूड वाळलं की फळ्या उकलत्यात. मग सुटून तरी काय उपेग? घर तिच्यावरच हाय माजं."

मी परवानगी दिली. तेव्हापासून तो रोज येऊ लागला. हातपंपावर कळशी भरायची, फळीन् फळी भिजवायची, वर ओले पोते टाकायचे आणि दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे. ठाणे अंमलदार त्याला चिडवत.

"आलास का, म्हस धुवायला?"

"म्हस बरी, हवालदार. सोडली की आपल्या पायानं घरी तरी येती."

शेवटी जागेची पाहणी करायला मी दोघांनाही काठावर नेले. तात्या त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हते. पलीकडच्या तीरावर एक नवे रिसॉर्ट झाले होते. त्यांनी पर्यटकांना फिरवायला बाहेरून मोठी, भक्कम इंजिनाची बोट आणलेली. ती गाणी वाजवत पाण्याच्या मधोमध गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. आवाजही विरला. आमचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. तात्यांच्या घरून आलेला चहा आम्ही घेत होतो. पाणी सपाट होते.

मग काठाचे पाणी एकदम मागे ओढले गेले. एक लाट आली, तिच्यामागून दुसरी. तराफा उचलला गेला आणि आपटला.

मच्छीमार चप्पल काढत म्हणाला, "तात्या, दोर धरा. अजून मोठी येती."

ती आली. तराफा कलंडला. तात्या कप टाकून कमरेएवढ्या पाण्यात शिरले, तेव्हा दोराचे दुसरे टोक मच्छीमाराच्या हातात होते. मीही बुटांसकट आत गेलो. मोटार वाचली.

तात्या धापा टाकत म्हणाले, "आरं, मग ठाण्यात का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं की. पाण्यानं तोडला म्हनलो."

"बोटीचं न्हाय सांगितलंस."

"बोट त्यांची, होडी माजी. कुनाचं खरं धरलं असतं?"

तात्यांनी त्याच्या हातातले दोराचे टोक घेतले आणि काठाला आवळून बांधले.

बोटीच्या मालकाला बोलावले. माणूस सभ्य होता, कागदपत्रे चोख होती. "आम्ही काठाजवळ जातच नाही, साहेब," असे तो म्हणाला, आणि ते खरे होते. या चिंचोळ्या पाण्यात केवढी बोट चालावी, तिचे इंजिन किती ताकदीचे असावे, हे मी विचारत फिरलो. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तसा नियमच कोणी केला नव्हता. मग मोडला कोणी म्हणायचे?

गुन्हा घडलेला नाही असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. आदेश आल्यावर होडी परत न्यायला ट्रॅक्टर आला तो तात्यांचा. त्या भागात मोठ्या इंजिनाच्या बोटींना बंदी घालावी, असा अर्ज दोघांनी मिळून सही करून आणला होता. मी तो शिफारशीसह वर पाठवला. सुनावणीच्या तारखा पडत राहिल्या आणि माझी बदली झाली. पुढे कळले, की तेवढ्या भागापुरती बंदी आली. बोट पुढच्या भागात गेली. तराफे तिथेही आहेत.

नियम नसला की मोठ्या माणसाने केलेले नुकसान अपघात ठरते आणि लहान माणसाचे जवळ असणे पुरावा ठरते. हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीने शिकवले नव्हते, या होडीने शिकवले. बोट निघून जाते, लाट मागून येते. आणि पोलीस पोचतात तेव्हा काठावर जो उभा असतो, तो सापडतो.

होडी ट्रॉलीत चढवताना मच्छीमाराने मला विचारले होते, "साहेब, माजी होडी लगेच उचलून आणली. त्या बोटीला कवा आणनार?"

"तिच्यावर गुन्हा नाही," मी म्हणालो.

त्याने लिंबाखालची ओली जागा पाहिली, मग आवाराच्या भिंती पाहिल्या.

"असता तरी हितं मावली नसती," तो म्हणाला आणि कळशी उचलून ट्रॉलीत चढला.