दुपारची राखण

वाशीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या थोरल्या जावेचं बाळ झोपेतच गेलं. दीड महिन्याची पोर. भरदुपारी आईच्या कुशीत निजली ती उठलीच नाही. मी तेव्हा घरात नवी. "अंगाखाली घेतली मेलीनं," सासूबाई म्हणाल्या आणि तेच बिल्डिंगभर झालं. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार! जाऊबाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. हे तरी जगेल ना, ही धास्ती सगळ्यांनाच, पण बोलायचं कुणी नाही. गावाकडं आढ्याला झोळी बांधतात. इथं स्लॅबला साधी कडी नव्हती, त्यामुळं बाळ माझ्याच शेजारी कॉटवर. जाऊबाई त्याला हात लावत नसत. मी आडवी झाले की मात्र स्टूल घेऊन उशाशी बसायच्या. "उताणं ठेव. उशी काढ ती. भिंतीशी फट नको. फार दमली असशील तर त्याला खाली चटईवर वेगळं निजव." कटकट नुसती! पण त्या बसल्या की मला झोप लागायची.

खाडीत भराव टाकून बांधलेली आमची वस्ती, डास दिवसाढवळ्या फोडून काढायचे. एकदा सासूबाई आल्या आणि जाड गोधडी बाळाच्या डोक्यावरून पांघरली. "खातायत गं लेकराला." मायेनंच केलं, सवयीनं. जाऊबाईंनी झडप घालून गोधडी ओढली ती थेट दाराबाहेर फेकली.

सासूबाई गेल्यावर मी विचारलं, "ताई, त्या दिवशीही त्यांनीच पांघरली होती का हो?"

"मी निजले होते गं. उठले तेव्हा तिच्या तोंडावर गोधडी होती. माझा हातही होता. कशानं गेली, कुणाला ठाऊक?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हात माझा होताच की."

मला इतका संताप आला, आणि करणार काय? कुणाला विचारणार? ते आता कधीच कळणार नव्हतं, त्यांनाही नाही.

मुलगा धावायला लागला तेव्हा एका दुपारी मी हट्टानं त्याला त्यांच्याजवळ निजवलं. म्हटलं, "आता एवढा मोठा झाला, काही होत नाही. घ्या जवळ." आणि खाली नळावर पाणी भरायला गेले.

परत आले तर चटईवर दोघं गाढ झोपलेली, मध्ये हातभर अंतर. त्यांचा हात विचित्र ताणलेला दिसला म्हणून वाकले. मनगट लुगड्याच्या चिंधीनं कॉटच्या पायाला बांधलेलं होतं. गाठ दातांनी आवळलेली, बोटं काळीनिळी पडलेली. अगं बाई गं! मी सोडवायला गेले, तशा दचकून उठल्या.

"नको, सोडू नको," म्हणाल्या. "आधी पोराला उचल."