जपानी पोस्टकार्डांची पाठ

मावशीने मुंबईच्या एका प्रदर्शनातून मला आठ पोस्टकार्डं पाठवली. महायुद्धानंतर जपानात नाव झालेल्या एका डिझायनरची पोस्टरं त्यांवर शिशाचे खिळे आणि ठसे दाबून छापायच्या जुन्या पद्धतीने छापलेली होती. एकावर नुसता लाल गोळा आणि खाली चार काळ्या रेघा. ठसा इतका खोल, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी चित्र कळावं. मला डिझाइनच्या कॉलेजला अर्जासोबत हाताने केलेलं एक काम पाठवायचं होतं. टँकरभोवती मांडलेल्या घागरींचे गोल मी लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ तुकड्यावर कोरले होते. ते अगदी तसेच छापून हवे होते.

बीडमध्ये पायाने चालवायचं छपाईचं यंत्र एका चाचांकडेच उरलं होतं. बाबा साखर कारखान्यात होते, सभासदांच्या नोटिसा चाचांच्या प्रेसमध्येच छापून घेत. त्या वर्षी दुष्काळाने ऊस नव्हता, गाळप बंद आणि प्रेसही गार. चाचा नाही म्हणणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

चाचांनी पोस्टकार्ड घेतलं आणि चित्र न बघताच उलटं केलं. पाठीवर अंगठा फिरवला.

"जपानात कामगार नवा होता का, बेटा?"

त्यांचं म्हणणं, शाई कागदावर नुसती टेकली पाहिजे. मागे उठाव दिसला तर त्यांचे उस्ताद अख्खा गठ्ठा रद्दीत टाकायचे आणि त्या दिवशीचा चहा बंद करायचे. ती चूक टाळण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि मी तीच मागायला आले होते.

"साफ छापून देतो. हे न्हाई."

अर्जाला चार दिवस उरले होते. मला परक्यांपुढे बोलायला वेळ लागतो. मी पोस्टकार्ड त्यांच्या हातात सुलटं केलं आणि म्हणाले, "चाचा, ठसा बोटाला लागला नाही तर मला घेणार नाहीत."

चाचांनी यंत्रात कागदामागे एकेक पुठ्ठा वाढवला, दर पुठ्ठ्याला "तोबा" म्हणत. घागरी खोल उमटल्या. खाली प्रेसचं नाव घाला म्हटलं, तर ते बिचकलेच. कारखान्याच्या लोकांनी पाहिलं तर?

"चूक तुझी, नाव तुझं."

'मुद्रक' आणि पुढे माझं नाव, असे खिळे त्यांनी जुळवले. मात्र ती ओळ छापण्याआधी सगळे पुठ्ठे काढून टाकले.

मुलाखतीत एका सरांनी घागरींवरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि मग खालच्या ओळीपाशी थांबले. एवढी साफ छपाई मी कुठे शिकले, असं त्यांनी विचारलं. मुद्रक म्हणून तर माझं नाव होतं; खरं सांगितलं तर प्रवेश हातचा जाईल असं वाटलं, तरी मी चाचांचं नाव सांगितलं.

प्रवेश मिळाला. चाचांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "वरच्या चित्रालाबी माझंच नाव सांगितलं न्हाईस ना?"