वहीची मागची पानं

इंग्रजी स्पेलिंग शिकवताना मी मास्तर नसतोच, नारायणगावच्या फडातला सोंगाड्या असतो. 'नाईफ'मधला के हा माझ्याकडे आगंतुक पाहुणा. पंगतीत बसतो, पण तोंड उघडत नाही. 'वेन्सडे'तला डी भिंतीला चिकटून उभा. 'टॉक'मधला एल तोंडावर बोट ठेवतो. बाकीची अक्षरं वर्ग ओरडून म्हणतो, या मुक्यांची पाळी आली की सगळे चिडीचूप. पिंपरी पेंढारच्या पुढे, उसात बुडालेल्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत तिसरीची पोरं मुकं अक्षर व्हायला एकमेकांना ढकलतात. खोटं कशाला सांगू, त्या हशाची मला चटक आहे.

रोज पाच शब्दांचं डिक्टेशन घरच्यांनी घ्यायचं आणि खाली सही करायची, हा माझा नियम. एका मुलीचा बाप मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ. आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवायची, मराठी चौथी शिकलेली. तरी सही रोज असायची. कशी, ते विचारायचं मला सुचलं नाही.

एकदा त्या मुलीची वही तपासताना मागची पानं उलटली. वाकडी, थोराड अक्षरं. पेन इतकं दाबलेलं की कागद फाटलेला. 'नाईफ'चा के नाही, 'वेन्सडे'चा डी नाही, 'टॉक'चा एल नाही. अशी मेजवानी मी सोडतो होय?

"दरोडा पडला रे!" वही उंच धरून मी ओरडलो. बाकाखाली वाकलो, एकाच्या दप्तरात शोधलं, दुसऱ्याच्या टोपीत. पोरं हसून लोळायला लागली. ती मुलगी उभी राहून काहीतरी सांगत होती. मी हातानेच तिला थांबवलं. प्रयोग रंगला होता. मग शेजारच्या, खिचडीच्या पत्र्याच्या शेडकडे तोंड करून तिच्या आईला हाक दिली.

"मावशी, तीन अक्षरं हरवलीत. तुमच्या पातेल्यात पडली का बघा!"

त्या पळी घेऊन दारात आल्या. माझ्या हातातली वही त्यांनी पाहिली.

"न्हाई सर. हितं न्हाईत."

"नीट हलवून बघा, तळाला लागली असतील!"

"सर," मुलगी रडत ओरडली, "ती पानं माझी न्हाईत. आईची हायेत."

वर्ग आणखी जोरात हसला. मीही हसलो. सवयीने असेल, पण हसलो.

खिचडी त्या दिवशी वेळेवर वाढली गेली. शाळा सुटल्यावर मी शेडमध्ये गेलो आणि दोन्ही कान धरून, गुडघे वाकवून उभा राहिलो. माफीचंही सोंगच, मला साधं बोलता येत नाही. त्या पातेलं घासत होत्या.

"तुमी लई हसवता, सर. पोरांना बरं वाटतं."

"मावशी, तुम्ही शिकलात कशा?"

"भिंतीपल्याड वरडताच की तुमी. ऐकलेलं मी ध्यानात ठिवायचे, घरी गेल्यावर लिवायचे. गप बसलेली अक्षरं तेवढी कशी ऐकू येनार? ती मागनं, लिवून झाल्यावर, पोरगी सांगायची. जाताना उसातनं आमी दोघी मोठ्यानं म्हनायचो. बिबट्याच्या भ्यानं कायतरी वरडायलाच लागतं, मग हेच."

"उद्यापासून अर्धा तास थांबा. मी शिकवतो. अजिबात हसणार नाही."

"आता कशाला, सर? तिचं ती बघंल."

दुसऱ्या दिवशी भाजी चिरायला त्या पार कुंपणापाशी जाऊन बसल्या. तिथे माझा आवाज पोहोचत नाही. मी ओरडून पाहिलं.

डिक्टेशन अजूनही रोज येतं. पाचही शब्द बरोबर, खाली आईची सही. शब्द आणि सही, दोन्ही एकाच कोवळ्या हाताची. मी बरोबरची खूण करतो आणि वही परत देतो.