थाई बातम्या सांगणारे काका

इथे परदेशात, अवोन्डेल उपनगराच्या रविवारच्या बाजारात, एका थाई बाईंच्या भाजीच्या स्टॉलपाशी काका भेटायचे. त्यांची वीस वर्षं नोकरी बँकॉकमध्ये झालेली. मोबाइलवर तिकडच्या बातम्या वाचून ते मला मराठीत सांगायचे. “ऐक, लाच घेताना सापडलेल्या पोलीससाहेबांना बिनकामाच्या खुर्चीवर बसवलंय! पगार चालू, काम बंद. अशी शिक्षा आपल्याला कोण देणार रे?” मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, इतकं जग पाहिलेल्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटे.

एकदा बाईंनी काकांपुढे एक कागद धरला. बाईंच्या भाच्याला तिकडे सरकारविरुद्धच्या पोस्टवरून अटक झाली होती. “पोलिसांचा कागद आहे, थाईत. इथल्या खासदारांना द्यायचाय. इंग्रजीत लिहून द्याल?”

“चष्मा घरी राहिला हो,” काका त्यांना म्हणाले. हातातला मोबाइल चालूच होता. मग मला मराठीत, “दर वर्षी जावं लागतं रे तिकडे. आपलं नाव कशाला गुंतवा?”

“पुढच्या रविवारी चष्मा आणा,” बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काकांनी मला बाजाराच्या फाटकातच गाठलं आणि बातम्या सुरू केल्या. आत बाई मान उंचावून गर्दीत काकांना शोधत होत्या. या वेळी बातम्या ऐकून मी हसलो नाही. पण “काका, आत चला” असंही म्हणालो नाही.